हौसाक्का कवा येनार?

नामा गिरणीवाला दिसायचा कसा, असं कुणी विचारलं की मी अडखळतो. सहा वर्षं त्याच्यासाठी पेटी वाजवली, त्याच्या गिरणीच्या पायरीवर बसून शेकड्यांनी चहा प्यायलो, तरी त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेलं की दुसरंच कुणीतरी येतं. कधी आमचे हेडमास्तर, कधी तलाठी, कधी बाजारातली वांगी विकणारी बाई. आणि बहुतेक वेळा हौसाक्का. डोक्यावर पदर, कमरेवर एक हात, पांढऱ्या भुवया आणि कुठल्याही क्षणी भांडायला तयार. हौसाक्का नावाची बाई आमच्या गावात कधीच नव्हती. ती नामाच होता. हे आता जितकं सरळ लिहितोय तितकं ते सरळ नव्हतं, आणि मला अजून तरी सगळं नीट उमगलंय का, देव जाणे.

आमचं गाव म्हणजे माझ्या नोकरीचं गाव. कृष्णेच्या काठी, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या अगदी शिवेवर. शाळा एका जिल्ह्यात आणि शाळेमागची पाणंद ओलांडली की पोरांचे मळे दुसऱ्या जिल्ह्यात. मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो, आणि "सर, आपण नक्की कुठं राहतो?" असं एखाद्यानं विचारलं की माझी पंचाईत व्हायची. मी मूळचा मिरजेचा. आमच्या घरात तंबोरे-सतारी बनवायचं काम. माझ्या हाताला ते काही जमलं नाही, पण पेटी बऱ्यापैकी वाजवता यायची. हे गावाला कळल्यावर चार दिवसांत मंडळाची माणसं माझ्या दारात उभी.

मंडळ म्हणजे नकला मंडळ. चैत्रात गावची जत्रा भरायची. जत्रेची रात्र तमाशाची आणि चार वाजल्यानंतरची वेळ कुस्त्यांची. मधे उरायची ती टळटळीत दुपार, ती कुणालाच नको होती म्हणून मंडळाला मिळालेली. एक ते चार. वर पोत्यांचा मांडव, खाली तापलेली जमीन. पण या दुपारचा एक फायदा होता. तमाशाला बायका यायच्या नाहीत, नकलांना मात्र झाडून सगळ्या यायच्या. मांडवाची उजवी बाजू नुसती लुगड्यांनी भरलेली असायची.

छोटे छोटे दहा-बारा प्रवेश व्हायचे. त्यांना आम्ही 'तुकडे' म्हणायचो. दवाखान्याचा तुकडा, पोलीस चौकीचा तुकडा, सोयरिकीचा तुकडा. लिहिलेलं काही नाही. दोन तुकड्यांच्या मधे एकजण कोट घालून पुढं यायचा आणि आता काय दाखवणार ते सांगायचा. त्याला 'सांगणारा' म्हणायचं. आणि मंडळाची जुनी रीत अशी, की सांगणाऱ्याला फसवायचं. त्यानं हात जोडून "आता पाहू या पोलीस चौकी" म्हणायचं आणि आतून भलताच तुकडा बाहेर पडायचा. सांगणाऱ्यानं गोंधळायचं, हातातल्या कागदाकडं बघायचं, लोकांची माफी मागायची. अर्धा हशा त्याच्या फजितीवर. कुठला तुकडा येणार हे त्याला खरोखरच माहीत नसायचं, त्यामुळं त्याचा गोंधळ खरा असायचा. आमचा सांगणारा होता शंकर कंपौंडर. गावच्या डॉक्टरांकडं पुड्या बांधायचा. वर्षभर गंभीर चेहऱ्यानं वावरणारा हा माणूस वर्षातली एक दुपार स्वतःची शोभा करून घ्यायला हौसेनं उभा राहायचा.

आणि त्याला सगळ्यात जास्त छळायची ती हौसाक्का.

नामा गिरणी चालवायचा. पिठाची. दिवसभर बायका डबे घेऊन ओळीत बसलेल्या. पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं, म्हणून तिथं गुपित असं काही राहायचंच नाही. नामा मुकाट्यानं दळायचा आणि ऐकायचा. ऐकून ऐकून त्याच्या अंगात सगळं गाव शिरलं होतं. जत्रेच्या दिवशीही तो बारापर्यंत गिरणी चालवायचा आणि तसाच मांडवात यायचा. डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर पीठ. लुगडं गुंडाळलं की झाली म्हातारी तयार. रंगरंगोटी करणाऱ्याला नामाकडं कामच नसायचं.

लुगडं त्याच्या आईचं होतं. हिरवं, काठाला थोडं विरलेलं. आई तो सहा-सात वर्षांचा असताना गेली. वडील फौजेत, आजीनं वाढवलेला.

एका वर्षी शंकरनं दवाखान्याचा तुकडा जाहीर केला. आतून हौसाक्का आली ती खरोखरची शेळी घेऊन. "कंपौंडर, हिला सुई मारा." शंकर म्हणाला, "आक्का, हा माणसांचा दवाखाना आहे." "मानसं काय लय शानी हायती व्हय?" तोवर शेळीनं शंकरच्या हातातला कागद खायला घेतला. शंकर एका टोकाला ओढतोय, शेळी दुसऱ्या टोकाला. "आक्का, आम्ही ठरवलंय, इथं जनावरं घ्यायची नाहीत!" तशी हौसाक्का थांबली. कमरेवर हात ठेवला, मान जरा तिरकी केली आणि म्हणाली, "आन् मला कुनी इचारलं?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. शेवटच्या अक्षरावर आवाज किंचित वर जायचा आणि तिथंच तुटायचा. रागात होती, रुसलेली होती, की रडवेली, काही कळायचं नाही. मांडवाच्या उजव्या बाजूनं शंभर बायका एकदम ओरडायच्या, "व्हय की!" मग सांगणाऱ्यानं हात जोडून म्हणायचं, "बरं आक्का, तुमी सांगा. काय करू?" आणि हौसाक्का काहीतरी अचाट सांगायची. हेही ठरलेलंच. मी एकदा नामाला विचारलं होतं, हे वाक्य कुठनं उचललं. म्हणाला, "काय की. गिरणीत कुनीतरी म्हनलं आसंल."

स्टेजवर असा, आणि खाली उतरला की हा माणूस कुठं जायचा तेच समजायचं नाही. ज्याच्याशी बोलेल त्याच्यासारखा बोलायला लागायचा. मुद्दाम नव्हे. माझ्याशी बोलताना माझ्यासारखा "म्हणजे बघा" म्हणायचा. गावातल्या एका तोतऱ्या सुताराशी बोलताना बिचारा स्वतःच अडखळायला लागला आणि सुतारानं त्याच्या थोबाडीत दिली. मुलगी बघायला गेला तेव्हा मुलीचे मामा प्रश्न विचारत होते, घसा खाकरून, प्रत्येक वाक्याआधी "हे पाहा". नामानं प्रत्येक उत्तराआधी घसा खाकरून "हे पाहा" म्हटलं. मामा चिडून उठले. पण दाराआड ती मुलगी, शालन, हसून हसून खाली बसली, आणि तिनंच हट्ट धरला म्हणून लग्न झालं. लग्नानंतर तीच मला एकदा म्हणाली, "मास्तर, घरात कुनाबरूबर नांदती त्येच कळंना झालंय." ती हसत म्हणाली, पण मला ते हसण्यावारी नेववलं नाही. नामाला "तुला काय पाहिजे?" असं साधं विचारलं तरी तो मागं वळून बघायचा, जणू काही मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाला विचारलंय.

आता त्याचे वडील. सुभेदार. फौजेतून पेन्शन घेऊन आले तेव्हा नामा वीस-एकवीस वर्षांचा होता. वडील आणि मुलगा एका घरात, पण सुट्टीत भेटणारे पाहुणे असावेत तसे. सुभेदार बोलायचे कमी. पायात साध्या वहाणा, धोतर, खाकी शर्ट. पहाटे नदीवर जायचे आणि दिवसभर मळ्यात. नामा पहिल्यांदा हौसाक्का झाला त्याच्या आदल्या दिवशी लुगडं उन्हात घातलं होतं. सुभेदारांनी ते बघितलं आणि विचारलं, "ह्ये कशाला काडलं?" नामा म्हणाला, "उद्या नेसायचंय. नकलंत." सुभेदारांनी लुगडं दोरीवरून काढलं, त्याची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि ट्रंकेवर ठेवली. म्हणाले, "मी येनार न्हाई." झालं. एवढंच बोलणं.

नामानं त्याचा अर्थ लावला तो कुणीही लावला असता तोच. बापाला लाज वाटते. सुभेदाराचा मुलगा लुगडं नेसून नाचतो. जत्रेत पुढच्या रांगेत गावच्या पेन्शनरांसाठी खुर्च्या मांडलेल्या असायच्या. सुभेदारांची खुर्ची सहा वर्षं रिकामी राहिली. हौसाक्का सगळ्या मांडवाला हसवायची, आणि माझी जागा कडेला असल्यामुळं मला दिसायचं की तिचे डोळे अधूनमधून त्या खुर्चीवर जाऊन येतात.

मला आणखीही एक गोष्ट दिसायची. ती तेव्हा सांगितली असती तर बरं झालं असतं. मी पेटी घेऊन बसायचो तिथून समोर यायची ती मांडवाची कापडी कनात. कनात जमिनीपासून वीतभर वर असायची आणि त्या फटीतून बाहेरच्या लोकांचे नुसते पाय दिसायचे. अनवाणी, वहाणांतले, पोरांचे धुळकट. आणि दर वर्षी तिसऱ्या खांबापाशी एक काळ्या बुटांची जोडी. जाड तळव्याचे, चकचकीत पॉलिश केलेले. मला वाटायचं, बंदोबस्ताचा पोलीस असेल. पोलीस रसिक दिसत होता. हौसाक्कानं ते वाक्य म्हटलं की उजवा बूट जमिनीवर हळूच दोनदा आपटायचा. बाकी कुठल्याच तुकड्याला तो हलायचा नाही. मी भूगोलाचा मास्तर, नकाशावर बोट ठेवून पोरांना नद्या दाखवणारा. सहा वर्षं समोरचे बूट ओळखले नाहीत.

मग दुष्काळ आला. दळायला धान्यच येईना. रेशनची लाल ज्वारी यायची ती बायका घरीच भरडायच्या. गिरणीचा पट्टा आठ-आठ दिवस हलायचा नाही. नामा शालनला घेऊन मुंबईला गेला, तिच्या भावाकडं. कुठल्याशा गिरणीतच लागला, पण कापडाच्या. पुढं कळलं की कामगारांच्या नाटकांत काम करतो. मग रेडिओवर त्याचा आवाज आला. मग एका सिनेमात तो पोस्टमन होता. दार वाजवतो आणि तार देतो. तालुक्याच्या टॉकीजला तो सिनेमा लागला तेव्हा निम्मं गाव बैलगाड्या करून गेलं होतं, आणि तार दिल्यावर निम्मं उठून परत आलं. सुभेदार गेले होते की नाही, मला ठाऊक नाही.

इकडं हौसाक्का दुसऱ्या कुणी केली नाही. करून बघायचीही कुणाची छाती नव्हती. शंकर कंपौंडरनं सगळे दात काढून घेतले आणि त्याचं बोलणं लोकांना समजेनासं झालं. मंडळ नव्या पोरांच्या हातात आलं, त्यांचा म्होरक्या बबन. आणीबाणी उठली त्या वर्षी जत्रेला बबननं मुंबईला पत्र टाकलं, की यंदा सांगणारा म्हणून तुम्हीच या. नामाचं उत्तर मी वाचलंय. "येतो. दोन अटी आहेत. मी लुगडे नेसणार नाही. आणि आबांना पुढच्या खुर्चीवर आणून बसवायचे."

म्हणजे काय, ते आम्हां सगळ्यांना कळलं. त्याला एकदा बापासमोर उभं राहायचं होतं. कोट-पँटमध्ये, स्वतःच्या नावानं, स्वतःच्या तोंडानं. बबन आणि मी सुभेदारांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "येतो." इतक्या झटकन कबूल होतील असं वाटलं नव्हतं.

नामा आला. अंगात तपकिरी सफारी, केस मागं वळवलेले, एक कण पीठ नाही. मी त्याला एस.टी.तून उतरताना बघितलं आणि ओळखलंच नाही. "नमस्कार सर, कसे आहात?" म्हणाला. आवाज रेडिओवर बातम्या देतात तसा. मला वाटलं, थट्टा करतोय. पण दुपारपर्यंत तोच आवाज. मी शेवटी म्हटलं, "नामा, हे कुणाचं बोलणं बोलतोयस? उद्या तू म्हणूनच बोल की." तो माझ्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू, जुन्या बोलीत म्हणाला, "मी म्हंजी कसा, मास्तर?"

आता पुढं जो घोटाळा झाला तो फक्त आमच्या मंडळातच होऊ शकतो. बबन आणि पोरांनी आपापसात ठरवलं, की नामदेवराव आता मोठे नट, आपले पाहुणे. त्यांना फसवायचं नाही. ते सांगतील तोच तुकडा करायचा. आदर म्हणून. हे त्यांनी नामाला सांगितलं नाही, मलाही नाही. आणि नामा, ज्यानं शंकर कंपौंडरला सहा वर्षं छळलं, तो फसायची कंबर कसून तयारी करून आला होता.

मांडव खच्चून भरला. उजवीकडं लुगडी. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर सुभेदार, ताठ. नामा पुढं आला. रेडिओच्या आवाजात म्हणाला, "रसिकहो, सादर करीत आहोत, पोलीस चौकी." आणि आतून पोलीस चौकी आली. नामा आधीच गोंधळायला तयार होता, तो गोंधळला. कागद बघितला, कपाळावर हात मारला. लोकांना कळेना हा कशाला घाबरला. पोरांना कळेना आपलं काय चुकलं. हवालदार झालेल्या पोराला वाटलं, टोपी उलटी झालीय, म्हणून त्यानं टोपी फिरवली. कुणीच हसलं नाही.

दुसरा तुकडाही बरोबर आला. तिसराही. नामाच्या कपाळावर घाम. त्याला वाटलं, फसवणूक फार खोल आहे, अजून यायचीय. चौथ्या वेळी त्यानं ती ओढून काढायचं ठरवलं आणि जो तुकडा मंडळाकडं नव्हताच तो जाहीर केला. "सादर आहे, विमान." आत धावपळ. मग आज्ञाधारक पोरं एकामागं एक बाहेर आली आणि हात पसरून उभी राहिली. बबन पुढं, तोंडानं घुं-घुं करत. काय वाजवावं ते मला सुचेना, मी आपली एक पट्टी दाबून धरली. दोन मिनिटं ते विमान तिथंच घुमत राहिलं. आत काय चाललंय हे नामाला कळेना, बाहेर काय चाललंय हे पोरांना कळेना, आणि मी मधे बसून दोघांना ओळखत असूनही मला कशाचाच पत्ता लागेना.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून सुभेदार उठले. सावकाश, काठी टेकून. ते नामाकडं बघत म्हणाले, "आवं पाव्हनं, ह्ये सगळं ऱ्हाऊ द्या. हौसाक्का कवा येनार?"

नामाचा चेहरा एकदम उजळला. तो उजळलेला मी बघितला, म्हणून सांगतो. त्याला वाटलं, आली, आपली फसवणूक आली! पोरांनी थेट आबांनाच पढवून बसवलंय. बाप आपल्या खेळात सामील झालाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आनंदानं त्याला काय करू आणि काय नको झालं, आणि तो त्या रेडिओच्या आवाजात ठसक्यात म्हणाला, "बसा आजोबा, बसा! हौसाक्का वारली!"

कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला कुणीतरी "आगं बाई" म्हटलं. सुभेदार वळले आणि मधल्या वाटेनं मांडवाबाहेर निघून गेले. नामा अजून हसतच होता. ते परत येतील म्हणून आतल्या बाजूला बघत होता, जणू हेही ठरलेलंच असेल.

मी समोर बघितलं. कनातीखाली, तिसऱ्या खांबापाशी, काळे बूट येऊन उभे राहिले.

माझा हात भात्यावरून सुटला. बाहेर कुस्त्यांची हलगी वाजेपर्यंत तुकडे कसेबसे होत राहिले, आणि बूट तिथून हलले नाहीत. उजवा बूटही एकदाही आपटला नाही.

कार्यक्रम संपल्यावर नामा पोरांना विचारत फिरला, "आबांना कुणी पढवलं?" जो तो शपथ घेऊन सांगत होता, मी नाही. मग त्याला हळूहळू कळलं आणि तो मांडवामागच्या पाण्याच्या पिंपावर बसला. मी त्याला बुटांचं सांगितलं. म्हणाला, "न्हाई मास्तर. आबा? आबाला लाज वाटती. तुमी पोलिसाचं बूट बगितलं आसतील." आणि उठून शंकर कंपौंडरकडं गेला. बापासमोर जायचं त्याला धाडस होईना.

गेलो ते मी. दिवेलागण होत होती. सुभेदार अंगणात बाजेवर बसले होते, पायात अजून बूट, मांडीवर ते हिरवं लुगडं. ट्रंकेतून काढलेलं असावं. घडी मोडत होते आणि पुन्हा घालत होते. मी काही विचारायच्या आधीच बोलले. "मास्तर, ही आसंच बोलायची. सुट्टी सपली, मी बिस्तरा बांदला की दारात हुबी ऱ्हायची, कमरंव हात दिऊन. म्हनायची, निगाला व्हय? आन् मला कुनी इचारलं?" त्यांनी काठाला काठ जुळवला. "त्यो ल्हान हुता तवा. त्येला याद बी नसंल. पर आवाज तिचा हाय. मी पयल्या साली हितंच आंगनात त्येला घोकताना ऐकला."

"मग पुढं येऊन का नाही बसलात कधी?"

"फुडं पेन्शनरं बसत्यात," ते म्हणाले. "सगळी हसत्यात. मला हसू येत न्हवतं." मग घडी बाजूला ठेवून म्हणाले, "त्येला सांगू नगा."

मी "बरं" म्हटलं. का म्हटलं? सरळ शंकरच्या घरी जाऊन नामाला हाताला धरून आणायला हवं होतं. पण कुणी सांगू नका म्हटलं की सांगायचं नाही, एवढंच मला माहीत. या मास्तरकीचा मला तेव्हा आला नव्हता इतका राग आता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या एस.टी.साठी आम्ही स्टँडवर उभे होतो. नामा, मी आणि थोडं अंतर ठेवून सुभेदार. नामाची सामानाची पेटी ते स्वतः उचलून घेऊन आले होते. उन्हासाठी उपरण्याचं टोक डोक्यावर ओढलेलं. बाप-लेक एकमेकांकडं बघत नव्हते. गाडी आली. नामानं पाया पडायला वाकता वाकता कसंबसं म्हटलं, "आबा, चुकलं माजं. तुमाला लुगडं आवडत न्हवतं, म्हनून तर मी ती हौसाक्का सोडली. तुमच्यासाटी सोडली."

सुभेदार रस्त्याकडं बघत होते. त्यांनी एक हात कमरेवर ठेवला. मान जरा तिरकी झाली.

"आन् मला कुनी इचारलं?"

शेवटच्या अक्षरावर आवाज किंचित वर गेला आणि तिथंच तुटला. ही नामाची नक्कल नव्हती. नामानं आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज उचलले होते, त्याला अस्सल कुठलं आणि नक्कल कुठली, हे कुणी सांगायची गरज नव्हती. तो वाकलेला होता तसाच राहिला. मग हळूहळू उभा राहिला. त्याचा चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला असं वाटतं. सहा-सात वर्षांच्या पोराचा वाटला, एवढंच आठवतं. त्यानं हात जोडले.

"बरं आक्का," तो म्हणाला. आवाज ना रेडिओचा, ना हौसाक्काचा, ना माझा. "तुमी सांगा. काय करू?"

सुभेदार गोंधळले. असं त्यांना कधी कुणी विचारलं नसावं. मागून कंडक्टर ओरडला, "पाव्हनं, चडायचं का न्हाई?"

"जा," सुभेदार म्हणाले. "गाडी चुकंल." आणि काखेतलं फडक्यात बांधलेलं गाठोडं त्यांनी नामाच्या हातात कोंबलं. "फुडल्या जत्रंला तिला घिऊन ये."

तिला म्हणजे कुणाला, हे ना नामानं विचारलं, ना मी. त्याच जूनमध्ये माझी आटपाडीला बदली झाली आणि पुढची जत्रा माझी हुकली. हौसाक्का आली होती म्हणणारे भेटतात, आली नव्हती म्हणणारेही भेटतात, आणि दोघेही शपथेवर सांगतात. मला दिसतं ते एवढंच: गाडी वळणावर गेली तेव्हा मागच्या खिडकीत तपकिरी सफारीतला एक माणूस होता, डोक्यावरून हिरव्या लुगड्याचा पदर घेतलेला. आणि माझ्या शेजारी धुळीत उजवा बूट हळूच दोनदा आपटला.